ड्युअल-स्पोर्ट मोटरसायकलचे ब्रेक पॅड : निवड, बदल आणि नंतरच्या तक्रारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुणे-पिंपरी चिंचवड आणि आसपासच्या रायडर मंडळींकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ड्युअल-स्पोर्ट म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारी गाडी. विचारणारे बहुतेक जण एक्सपल्स, हिमालयन, केटीएम अ‍ॅडव्हेंचर किंवा व्ही-स्ट्रॉम एसएक्स चालवतात. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे “कुठल्या कंपनीचे पॅड घेऊ?” कॅलिपर, म्हणजे डिस्कवर बसलेला आणि पॅड डिस्कला दाबणारा भाग, मोकळा आणि स्वच्छ असेल तर साधे पॅडही चोख काम करतात आणि कॅलिपर अडकलेला असेल तर महागातले पॅडही वाया जातात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून खालच्या उत्तरांत कंपन्यांपेक्षा कॅलिपरबद्दल जास्त लिहिलं आहे.

१. ड्युअल-स्पोर्ट गाडीला वेगळे ब्रेक पॅड लागतात का? साध्या गाडीचे का चालत नाहीत?

आकार जुळला की पॅड बसतो, पण त्याच्याकडून अपेक्षा वेगळी असते. शहरातल्या गाडीच्या डिस्कवर फार तर धूळ बसते. तुमची गाडी मात्र आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असते आणि रविवारी मुळशीच्या मागच्या चिखलात. त्या चिखलातली बारीक रेती आणि मुरूम पॅड आणि डिस्कच्या मधे शिरतात आणि दोघांनाही घासत राहतात. शिवाय कच्च्या रस्त्यावर मागचा ब्रेक डांबरी रस्त्यापेक्षा खूप जास्त वापरला जातो, म्हणून या गाड्यांचे मागचे पॅड अनेकदा पुढच्यांच्या आधी संपतात. ओल्यात पकड, चिखलात टिकाऊपणा आणि घाटात तापल्यावरही पकड न सोडणं, या तीन गोष्टी पॅड निवडताना बघायच्या.

२. पॅड संपत आलेत हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

मोबाइलचा टॉर्च लावा आणि कॅलिपरच्या मागून किंवा खालून आत बघा. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पत्रा दिसेल आणि त्याला चिकटलेला घर्षणाचा थर दिसेल. मोजायचा तो फक्त थर, पत्रा धरायचा नाही. बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये थराची मर्यादा साधारण १ मिलिमीटर दिलेली असते. पुष्कळ पॅडवर मधे एक खाच असते, ती दिसेनाशी झाली की पॅड संपला. घाटात किंवा ट्रेलवर निघायचं असेल तर मी १ मिलिमीटरपर्यंत थांबत नाही, २ च्या खाली गेला की बदलतो. एका दिवसाच्या चिखलात उरलेला थर किती झपाट्याने जातो, ते बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

दोन्ही पॅड बघा. एकच बघून “अजून आहे” म्हणणाऱ्यांची फसगत कशी होते, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हीसुद्धा एक खूण आहे. पॅड झिजतात तसा पिस्टन (कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा दट्ट्या) बाहेर येतो आणि पातळी खाली जाते. ती खाली दिसली की लगेच ऑइल भरू नका, आधी पॅड बघा. भरून ठेवलंत तर नवे पॅड घालताना तेच ऑइल उतू जाऊन टाकीच्या रंगावर पडेल आणि रंग उडवेल.

३. किती किलोमीटरला पॅड बदलायचे?

आकडा मागू नका, पॅड बघा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमध्ये, एक कोथरूड ते ऑफिस धावणारी आणि एक पावसाळाभर ताम्हिणीत असणारी, पॅडच्या आयुष्यात कित्येक पटींचा फरक पडतो. दर वेळी गाडी धुताना प्रश्न २ मधली नजर टाकली की पुरे.

४. ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक, सिंटर्ड यांत फरक काय? पुण्यात राहणाऱ्याने कोणते घ्यावेत?

ऑरगॅनिक पॅड म्हणजे तंतू आणि इतर पदार्थ रेझिनमध्ये बांधून केलेले. थंड असतानाही लगेच पकडतात, आवाज कमी करतात, डिस्कला सांभाळून घेतात. लांब उतारावर फार तापले की पकड सोडतात आणि चिखलात पटकन झिजतात. सेमी-मेटॅलिकमध्ये त्याच मिश्रणात धातूचा अंश असतो, गुणही मधलेच.

सिंटर्ड पॅड धातूची पूड दाबून, तापवून एकजीव केलेले असतात. पाण्यात, चिखलात आणि उष्णतेत ते जास्त टिकतात. त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, डिस्क जरा जास्त झिजते. दुसरं, धातू उष्णता चांगली वाहून नेतो, त्यामुळे ती पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. सिंटर्ड लावलेत आणि ऑइल जुनंच ठेवलंत तर लांब घाटात अडचण येऊ शकते (प्रश्न १७).

आता निवड. रोजचं ऑफिस आणि महिन्यातून एखादी सिंहगडाची किंवा भोरची फेरी असेल तर गाडीबरोबर आलेल्या प्रकारचेच पॅड घ्या, उगाच बदल नको. जून ते सप्टेंबर ताम्हिणी, वरंधा आणि त्यांच्या आजूबाजूचे कच्चे रस्ते ठरलेलेच असतील, तर मागे सिंटर्ड घ्याच, कारण चिखलाचा सगळा मारा तिथेच बसतो. सामान लादून, मागे माणूस बसवून हिमालयात जाणार असाल तर पुढेही सिंटर्ड घ्या, लांब उतार डोळ्यांसमोर ठेवून. मात्र तुमच्या गाडीची डिस्क सिंटर्डला चालते का, हे मॅन्युअलमध्ये किंवा पॅड बनवणाऱ्याच्या यादीत बघून घ्या. सगळ्या डिस्क त्यासाठी केलेल्या नसतात.

रेसिंगसाठीचे पॅड कोणी फुकट दिले तरी लावू नका. ते तापल्यावर काम करतात. सकाळच्या थंड, ओल्या डिस्कवर पहिल्या सिग्नलला ते हवे तसे पकडत नाहीत.

५. पॅडच्या पाठीवर एफएफ, जीजी, एचएच अशी अक्षरं असतात. एचएच म्हणजे सगळ्यात चांगला का?

ती घर्षणाची खूण आहे. पहिलं अक्षर सर्वसाधारण तापमानाला मिळणारं घर्षण सांगतं, दुसरं पॅड तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५ आणि एच त्याहून जास्त. दोन्ही अक्षरं सारखी असतील तर तापल्यावरही पॅडची पकड त्याच पट्ट्यात राहते. दुसरं अक्षर खालचं असेल तर उतारावर पकड कमी होणार हे आधीच कळतं.

ही अक्षरं पॅड किती टिकेल, चिखलात कसा वागेल किंवा कशाचा बनलाय हे सांगत नाहीत. जास्त घर्षण नेहमी हवंच असतं असंही नाही, ते का हे पुढच्या प्रश्नात येईल. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. ईबीसी कंपनीच्या पॅडवर सुरुवातीला ‘एफए’ आणि आकडा असतो, तो त्यांचा आकार-क्रमांक आहे, घर्षणाची खूण नाही. त्या आकड्यानंतर एचएच असेल तर तो रस्त्यासाठीचा सिंटर्ड, आर असेल तर माती-चिखलासाठीचा सिंटर्ड.

६. पुढे एक प्रकार आणि मागे दुसरा चालतो का?

चालतो. एका कॅलिपरमधले दोन्ही पॅड मात्र एकाच प्रकारचे आणि एकाच वेळी बदललेले हवेत.

मागे फार जोरात पकडणारा पॅड घातला तर सैल मुरुमावर पेडलला पाय लागताच चाक जाम होतं. मागच्या चाकाला एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या किंवा तो बंद करून चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. मागच्या ब्रेकमध्ये ताकदीपेक्षा अंदाज महत्त्वाचा, पाय किती दाबला की किती ब्रेक लागेल हा. म्हणून मागे चिखलात टिकणारा पण सौम्य पकडीचा पॅड आणि पुढे जास्त पकडीचा, अशी जोडी मला पसंत आहे.

७. माझ्या गाडीला नेमका कोणता पॅड बसेल? कंपनीचेच घ्यावेत की नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतले स्वस्तातले चालतील?

गाडीच्या नावावर जाऊ नका, कॅलिपरवर जा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक ब्रेक बदललेले असतात. हिमालयन ४११ ची पुढची डिस्क ३०० मिलिमीटरची आणि ४५० ची ३२० ची, तेव्हा नुसतं “हिमालयनचे द्या” म्हणून भागत नाही. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे जुना पॅड खिशात घालून दुकानात जाणं आणि पत्र्याचा आकार, पिनेचं भोक, कान आणि जाडी शेजारी धरून जुळवणं.

बायब्रे हा ब्रेम्बोने लहान आणि मध्यम गाड्यांसाठी काढलेला ब्रँड आहे, त्यांचा कारखाना आपल्या चाकणला आहे. त्यांचे कॅलिपर केटीएमवरही आहेत आणि हिमालयनवरही, त्यामुळे काही पॅड एकाहून अधिक गाड्यांना बसतात. पण कॅलिपरवर तेच नाव आहे म्हणून पॅड तोच, असं गृहीत धरू नका.

नाना पेठेत अस्सल मालही मिळतो आणि नकलीही, कधी एकाच गल्लीत. पाकिटावर पार्ट नंबर, एमआरपी आणि उत्पादनाची तारीख आहे का बघा. मग पॅड हातात घ्या. पत्र्याच्या कडा साफ कापलेल्या असाव्यात, भोकाच्या कडेला धातूचे टोचरे कंगोरे नकोत. थर आणि पत्रा जिथे चिकटतात तिथे नखाने फिरवून बघा, फट जाणवली तर परत द्या. स्वस्त पॅडमधली सगळ्यात वाईट गोष्ट कमी पकड ही नव्हे. पावसात पत्रा गंजतो आणि थर पत्र्यापासून सुटतो, हा खरा धोका. ब्रेकवर शंभर-दोनशे रुपये वाचवण्यात शहाणपण नाही. पक्कं बिल मिळत नसेल तर त्या दुकानातून पॅड घेऊ नका.

८. पॅड घरी बदलता येतात का? काय काय लागतं?

येतात. तुमच्या गाडीच्या बोल्टला बसणाऱ्या एलन की आणि सॉकेट पाने, एक टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना), ब्रेक क्लीनर, जुना टूथब्रश, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, स्वच्छ सुती फडकं आणि जुनं ऑइल ओढून घ्यायला एक इंजेक्शनची सिरिंज. टॉर्क रेंच नसेल तर बोल्ट शेवटी गॅरेजमध्ये तपासून घ्या. ब्रेकचं काम आजवर कधीच केलं नसेल तर पहिल्यांदा ओळखीच्या मेकॅनिकशेजारी बसून बघा आणि मग स्वतः हात लावा.

९. बदलण्याचा क्रम नीट सांगाल का?

गाडी सपाट फरशीवर, पक्की उभी करा. कॅलिपर अजून गाडीवर असतानाच पॅडची पिन जरा सैल करून घ्या, नंतर हातात धरलेल्या कॅलिपरमधून ती सुटता सुटत नाही. काही गाड्यांत पिनेवर एक छोटं झाकण असतं, काहींत क्लिप. मग कॅलिपरचे बोल्ट काढा. काढलेला कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने किंवा दोरीने बांधून ठेवा. या अवस्थेत लिव्हर किंवा पेडल चुकूनही दाबायचं नाही, पिस्टन बाहेर येईल.

जुने पॅड आत असतानाच फोटो काढा. आतली पातळ पत्र्याची स्प्रिंग कुठल्या बाजूने बसली होती, हे अर्ध्या तासाने आठवत नाही.

पॅड काढल्यावर पिस्टनचा बाहेर आलेला भाग टूथब्रश आणि ब्रेक क्लीनरने चकचकीत होईपर्यंत साफ करा. ही पायरी गाळू नका. चिखल लागलेला पिस्टन तसाच आत ढकलला की ती रेती पिस्टनभोवतीच्या रबरी सिलवर ओरखडे काढते. कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नका, पॅडची भुकटी छातीत जायला नको. साफ झाल्यावर ऑइलच्या डबीचं झाकण उघडा, पातळी वर येईल तसं सिरिंजने ओढून घ्या आणि पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू आत दाबा. निरोगी पिस्टन अंगठ्याला एकसारखा विरोध करत, न अडखळता सरकतो.

मग कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकत्या पिना बाहेर काढा, जुनं ग्रीस पुसा, पिनेवरचा रबरी बूट (आवरण) फाटलेला नाही ना बघा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. नवे पॅड घालताना त्यांचं पिनेविरुद्धचं टोक ब्रॅकेटवरच्या (कॅलिपर धरणाऱ्या चौकटीवरच्या) छोट्या पत्र्याच्या खाचेत बसलंय का, हे डोळ्यांनी खात्री करा. एका पिनेच्या कॅलिपरमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पॅड खाचेबाहेर राहिला तरी पिन आत जाते आणि सगळं ठीक वाटतं.

कॅलिपर बसवा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. ऑइलच्या डबीचं झाकण लावा. आता लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पहिल्या काही दाबांना तो थेट आत जाईल, कारण पिस्टन मागे ढकललेले आहेत. हे न करता गाडी उतारावरून काढली तर समोरच्या भिंतीशिवाय थांबायला काही नसतं. शेवटी चाक हाताने फिरवून बघा.

१०. पिस्टन आत जातच नाही. पक्कडीने दाबू का?

नको. पक्कडीचे दात पिस्टनवर ओरखडे पाडतात. जुना पॅड परत आत ठेवून त्यावर रुंद, सपाट पट्टीने समान दाब द्या. तरी हलत नसेल तर लिव्हर अगदी हलकेच दाबून पिस्टन थोडा बाहेर आणा, बाजूने नीट साफ करा आणि पुन्हा ढकला. दोन पिस्टनचा कॅलिपर असेल तर एक दाबताना दुसरा बाहेर येतो, त्याला हाताने धरून ठेवा.

पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस तिथे लावू नका, रबरी सिल फुगतं. एवढं करूनही पिस्टन जाम असेल तर सिल किट बदलण्याची वेळ आली आहे. ते काम गॅरेजमध्ये करून घ्या.

११. पॅड बदलल्यापासून लिव्हर मऊ लागतो. एअर काढावी लागेल का?

फक्त पॅड बदलल्याने एअर आत शिरत नाही. निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) किंवा नळीचा बोल्ट उघडला असेल तरच शिरते. आधी पुरेसा पंप केलाय का बघा. मग प्रश्न ९ मधली खाच तपासा, कारण तिरका बसलेला पॅड वाकतो आणि लिव्हर स्पंजसारखा लागतो. डिस्कवर जुन्या पॅडचे चर असतील तर नवे पॅड त्यात बसेपर्यंत थोडा मऊपणा राहतो. हे सगळं ठीक असूनही लिव्हर हँडलपर्यंत येत असेल तर गाडी चालवू नका, एअर काढून घ्या.

१२. नवे पॅड लगेच जोरात वापरले तर काय होतं?

त्यांचा वरचा थर तापून काचेसारखा गुळगुळीत होतो, मग ते पकडत नाहीत आणि आवाज करतात. पहाटेच्या रिकाम्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर साधारण ५० च्या वेगावरून १० पर्यंत बेताने ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका. असं दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी मधे थोडं अंतर जाऊ देऊन. पुढे दाब जरा वाढवा. शेवटी काही अंतर ब्रेक न लावता चालवा म्हणजे डिस्क थंड होईल. तापलेली असताना ब्रेक दाबून उभे राहू नका. पहिले काही दिवस पुढच्या वाहनापासून जास्त अंतर ठेवा. नवे पॅड घालून त्याच दुपारी सिंहगडाचा घाट उतरायला जाणं चुकीचं.

१३. ब्रेक लावला की आवाज येतो. कुठल्या आवाजाला घाबरायचं?

लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखरीत आवाज आला आणि लिव्हरमध्ये थरथर जाणवली तर तिथेच थांबा, थर संपून पत्रा डिस्कला लागतोय. ब्रेक लावताना एकदाच ‘टक’ होत असेल तर आतली स्प्रिंग बसवायची राहिली आहे किंवा पिन सैल आहे. बारीक कुईं आवाज सिंटर्डमध्ये बऱ्याचदा येतो. पॅड काढून त्याचा वरचा थर सपाट फरशीवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर हलका घासा, पुढच्या-मागच्या कडा किंचित मोडा आणि पाठीवर, फक्त पाठीवर, उष्णता सोसणारं ग्रीस पुसटसं लावा. पावसात उभ्या गाडीचा सकाळचा पहिला खर्रर्र आवाज डिस्कवरच्या गंजाचा असतो, दोन-तीन ब्रेकमध्ये जातो.

१४. एक पॅड पूर्ण संपला आणि दुसरा जवळजवळ नवा आहे. पॅड खराब होता का?

नाही, कॅलिपर अडकला होता. या गाड्यांच्या बहुतेक कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. पिस्टन आपल्याकडचा पॅड दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून पलीकडचा पॅड ओढतो. पिना कोरड्या पडल्या किंवा गंजल्या की कॅलिपर सरकत नाही आणि पिस्टनकडचा पॅड एकटाच झिजत राहतो.

पावसाळ्यानंतर गॅरेजमध्ये आलेल्या एका गाडीचे मागचे पॅड मी हातात घेऊन बघितले आहेत. आतला पॅड पत्र्यापर्यंत गेलेला, पाठीवर तापल्याचा निळसर डाग. बाहेरच्यावर खाच स्पष्ट, कडाही शाबूत. सरकती पिन हाताने निघेना. पाना लावून उपटली तेव्हा तिच्यावर लाल माती आणि काळ्या ग्रीसचा वाळलेला, गोंदासारखा थर होता आणि बूटाला केसाएवढी चीर होती. त्या चिरीतून पाणी आत गेलं होतं. बूट आणि ग्रीसचा खर्च एका पॅडच्या सेटपेक्षा कितीतरी कमी. अशा गाडीत नवे पॅड घालून दिले तर तेही तसेच जाणार.

पॅड पाचरीसारखा एका टोकाला जाड, एका टोकाला पातळ झिजला असेल तरी आधी पिना आणि ब्रॅकेटच बघा.

१५. वॉशिंग सेंटरवरून आल्यापासून मागचा ब्रेक लागतच नाही. काय झालं असेल?

चेनवर मारलेलं डिझेल किंवा टायरवर मारलेलं पॉलिश डिस्कवर उडालं असेल. घरी चेन ल्यूब मारतानाही हेच होतं, म्हणून त्या वेळी डिस्कवर फडकं धरा. डिस्क ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर वेळी फडक्याचा स्वच्छ भाग वापरून. पॅडवर थोडासाच शिंतोडा असेल तर पॉलिश पेपरने वरचा थर काढून बघता येतं. तेल आत मुरलं असेल तर पॅड बदला. सिंटर्डमध्येही सूक्ष्म छिद्रं असतात, तेही तेल पितात. गॅसवर भाजून तेल जाळण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

वॉशिंग सेंटरवर “चेनला डिझेल नको, टायरला पॉलिश नको” हे आधीच सांगा. प्रेशरचं पाणी थेट कॅलिपरच्या बुटावर मारू देऊ नका.

१६. ओढा ओलांडल्यावर पहिल्या वळणाला ब्रेक लागला नाही. पॅड बदलू?

गरज नाही. डिस्कवर पाण्याचा थर असतो, तो पुसला जाईपर्यंत पकड कमी असते. पाण्यातून बाहेर येताच हलकासा ब्रेक धरून थोडं अंतर चालवा, म्हणजे डिस्क वाळेल. सिंटर्डमध्ये हा उशीर कमी असतो. गढूळ पाणी असेल तर संध्याकाळी साध्या पाण्याच्या नळीने कॅलिपर आतून धुवा. चिखल रात्रभर वाळला तर सकाळी पॅड खाचेत सरकत नाहीत.

१७. घाट उतरताना मागचा ब्रेक गायबच झाला. थोड्या वेळाने परत आला. हे काय?

दोनपैकी एक. पेडल कडक होतं पण गाडी थांबत नव्हती, तर पॅड तापून पकड सोडली. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलं. डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग तो १५५ अंशांपर्यंत येऊ शकतो. उकळल्यावर तयार झालेली वाफ दाबली जाते आणि दाब पिस्टनपर्यंत पोहोचत नाही.

म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. आपल्याकडचे पावसाळे बघता, दुसरा पावसाळा संपला की बदलायचं हा सोयीचा हिशेब. डबीवर लिहिलेलाच प्रकार वापरा. डॉट ४ च्या जागी ५.१ चालतं, पण डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते कधीही मिसळू नका.

उतारावर खालचा गिअर ठेवा, पेडलवर पाय टेकवून ठेवू नका, ब्रेक सोडून-सोडून लावा. ब्रेक गेलाच तर इंजिन आणि दुसऱ्या ब्रेकने थांबा आणि आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, ती वाकडी होते.

१८. उभं राहून चालवायला सोपं जावं म्हणून ब्रेक पेडल वर केलं. तेव्हापासून मागचं चाक जड फिरतं आणि डिस्क तापते.

हा प्रश्न आला की मी हमखास काळजीत पडतो, कारण दोष पॅडचा वाटतो आणि लोक पॅडच बदलत बसतात. पेडल वर करताना मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या) दांड्याची मोकळी चाल संपली असणार. चाल नसेल तर पेडल सोडल्यावरही सिलिंडरमधलं परतीचं बारीक छिद्र बंद राहतं. चालता चालता ऑइल तापतं, फुगतं, त्याला डबीत परतायला वाट नसते, मग ते पिस्टनच दाबतं. ब्रेक स्वतःच लागत जातो, आणखी तापतो आणि शेवटी चाक जाम होऊ शकतं. पेडल मॅन्युअलमधल्या मापाला परत आणा, हाताने हलवल्यावर सुरुवातीची थोडी ढिली चाल जाणवली पाहिजे. उंची कमी पडते असं वाटलं तर पेडलची टोपी उंच करणारे जोड मिळतात, ते लावा.

१९. पॅडबरोबर डिस्कही बदलावी लागते का?

दर वेळी नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली गेली की बदला. मोजताना मायक्रोमीटर वापरा. व्हर्नियरचे जबडे बाहेरच्या न झिजलेल्या कडेवर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. ब्रेक लावताना लिव्हर धडधडत असेल तर डिस्क वाकडी आहे किंवा सगळीकडे सारखी झिजलेली नाही. नवी डिस्क घेतली तर पॅडही नवेच घाला.

२०. एबीएसच्या गाडीत पॅड बदलताना काही वेगळं करायचं असतं का?

क्रम प्रश्न ९ मधलाच. चाकाजवळच्या सेन्सरची वायर ताणू नका आणि दातेरी रिंगेवरचा चिखल पुसून घ्या. गाडी स्टँडवर ठेवून इंजिनने मागचं चाक फिरवलंत तर पुढचं चाक स्थिर असल्यामुळे एबीएसचा दिवा लागू शकतो. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली आणि थोडी चालवली की तो जातो. एअर काढायची वेळ आली तर काही गाड्यांत एबीएस युनिट स्कॅनर लावून चालवावं लागतं, म्हणून ते काम सर्व्हिस सेंटरवर करा.

एक्सपल्स २०० ला सिंगल चॅनेल एबीएस आहे, म्हणजे तो फक्त पुढच्या चाकाला. मागे कुठला पॅड घालायचा हे ठरवताना प्रश्न ६ पुन्हा वाचा.

२१. दिवेआगरला वाळूत गाडी घातली होती. ब्रेकला काही करावं लागेल?

त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, कॅलिपर आतून. मिठाने पिना आणि पॅडचे पत्रे फार लवकर गंजतात. पुण्याला परतल्यावर त्याच आठवड्यात पिना काढून पुसा आणि ग्रीस करा.

२२. ट्रेलवर मधेच मागचे पॅड संपले आणि गॅरेज लांब आहे. कसं परतायचं?

मागचा ब्रेक वापरणं पूर्ण थांबवा. थर संपलेल्या पॅडवर ब्रेक लावत राहिलं तर डिस्क जाते, आणि पिस्टन गरजेपेक्षा बाहेर आला तर ऑइल गळून तो ब्रेक पूर्ण बंद पडतो. सपाट रस्त्यावर पुढच्या ब्रेकने आणि खालच्या गिअरमध्ये सावकाश जवळच्या गावापर्यंत जाता येतं. समोर घाटाचा उतार असेल तर गाडी टेम्पोत घाला. पुढचे पॅड संपले असतील तर चालवूच नका.

पावसाळ्यात दोन दिवसांच्या राइडला निघताना मागच्या पॅडचा एक सेट, पिनेची एक जादा क्लिप आणि त्या बोल्टला बसणारी एलन की टूलकिटमध्ये ठेवा. सेट आधी एकदा घरी बसवून बघितलेला असावा, नाहीतर पौडच्या पुढे पावसात उभं राहून कळतं की भोक जुळत नाही.